बदलीच्या माणसाने काय लावावे?

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाने घरामागच्या जमिनीत काही पेरावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता नीतिविचाराच्या कक्षेत येण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, हौस असेल तर पेरावे, नसेल तर बाजारातून आणावे. यात धर्माधर्माचा विचार कसला? आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. परंतु अलीकडे आमच्या मुलीने विचारलेल्या एका साध्या प्रश्नामुळे या गोष्टीचा नव्याने विचार करणे आम्हांस भाग पडले, आणि तो करीत असता आपल्याच पूर्वीच्या एका वागणुकीची लाज वाटली. या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच महाराष्ट्रापासून दूर, दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणारे. तेव्हा हा विचार त्यांच्यापुढे मांडणे अस्थानी होणार नाही, असे वाटते.

ती लाजेची गोष्ट प्रथम सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी होतो. घरामागे जागा बरीच होती, विहिरीला पाणी होते, आणि आमच्या गृहिणीने मोठ्या हौसेने भेंडी, गवार, दुधी असे पुष्कळ काही लावले होते. ऐन बहरात बदलीचा हुकूम आला. त्या दिवसापासून परसात पाणी घालणे बंद झाले. तसे कोणी ठरविले नव्हते. कोणी उठून पाणी घातले नाही, इतकेच. निघावयास पंधरा दिवस होते, आणि ते दिवस उन्हाळ्याचे होते. सामान ट्रकमध्ये चढत असता सहज मागे जाऊन पाहिले, तो दुधीचा वेल मांडवावर सुंभासारखा वाळून गेलेला, आणि त्याला धरलेले बोटभर दुधी तसेच सुकून लोंबत होते. आमच्या जागी येणारे गृहस्थ दोन दिवसांनी कुटुंबासह येणार आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांच्या मुलांच्या तोंडचा घास आम्ही काढून घेतला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण आपल्या हातून काही तरी कोतेपणाचे घडले, ही टोचणी राहिली. जे आपल्याला खावयास मिळणार नाही, त्याला पाणी कशाला घालावे? हा तो न उच्चारलेला सिद्धांत. तो बरोबर की चूक, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

त्यानंतर फिरत फिरत चार वर्षांपूर्वी आम्ही कलकत्त्यास आलो. २००१ पासून या शहराचे नाव कागदोपत्री कोलकाता झाले असले, तरी आमच्या घरात जुनेच नाव रुळले आहे. सियालदह स्टेशनापासून जवळच एका जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये जागा मिळाली. सियालदह म्हटले की परक्या माणसाला गर्दी तेवढी आठवते. पण पहाटे उठणाऱ्यास या ठिकाणाचे निराळे रूप दिसते. अंधार असतानाच दक्षिणेकडून कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बरच्या आणि उत्तरेकडून बनगाव, राणाघाट, कृष्णनगरच्या लोकलगाड्या येऊ लागतात. त्यांना माल आणणाऱ्या विक्रेत्यांचे वेगळे डबे असतात. त्यांतून लाल माठाच्या जुड्या, पडवळांच्या मोळ्या, केळफुले, भाजीचे कोवळे फणस, शेवग्याच्या शेंगा, छेन्याची गाठोडी उतरतात आणि डोक्यांवरून जवळच्या कोले मार्केटात व बैठकखाना बाजारात जातात. उन्हाळ्याच्या तोंडी बारुईपूरची लिची येते, पावसाळ्यात तेथलेच पेरू येतात, आणि थंडी पडली की जयनगरचा मोआ येतो. मोआ म्हणजे कनकचूर भाताच्या लाह्यांचा, खजुरीच्या नव्या गुळात वळलेला लाडू. पंचांग न उघडता केवळ स्टेशनाबाहेरच्या टोपल्या पाहून कोणता महिना चालू आहे ते सांगता यावे, असे हे ठिकाण आहे.

आमच्या क्वार्टरच्या मागे दोन खोल्यांएवढे परसू होते. त्यात माती कमी आणि विटांचे तुकडेच अधिक. एका कोपऱ्यात एक बोरीचे झाड उभे होते. या घरात आमच्या आधी कोण कोण अधिकारी राहून गेले, याची नोंद कचेरीत कोठे तरी असेल. बोर कोणी लावली, याची नोंद कोठेही नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिला पुष्कळ बोरे आली. आम्ही ती खाल्ली; लावणाऱ्याचा विचार त्या वेळी मनातही आला नाही.

परसू खणण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. शिपाई मदतीस धावला, तेव्हा त्याला आग्रहाने परत पाठविले. काय लावावयाचे ते गृहिणीने ठरवावे, पाणी मुलीने घालावे, आणि गोगलगायी वेचण्याचे काम धाकट्या चिरंजीवांकडे. कलकत्त्याच्या पावसाळ्यात हे काम मुळीच किरकोळ नसते. मुठीएवढ्या गोगलगायी एका रात्रीत रोपांची ओळ साफ करतात. पहिल्या वर्षी त्यांनीच बहुतेक सर्व खाल्ले. दुसऱ्या वर्षापासून पावसाळ्यात मायाळू, पडवळ आणि अळू, थंडीत वांगी, मुळा, पालक, कोथिंबीर आणि थोडा मटार, अशी घडी बसली. शेजारच्या वृद्ध बंगाली गृहस्थांनी, ज्यांना आमची मुले 'दादू' म्हणतात, मायाळूला येथे 'पुँई' म्हणतात आणि ती लाल भोपळ्याबरोबर शिजवितात, हे शिकविले. आमच्या गृहिणीने त्यांच्या घरी अळूचे फदफदे पाठविले. त्यावर त्यांचे मत आम्हांस अद्याप कळलेले नाही. भांडे मात्र रिकामे परत आले.

हे सांगण्याचे कारण असे, की परमुलखी राहणारा आपला मराठी माणूस जिभेने फार काळ घरीच राहतो. गावाहून येणाऱ्याबरोबर आमसुले, मेतकूट, भाजणी मागवावयाची आणि भोवतालच्या मुलखात काय पिकते याकडे पाठ फिरवून जेवावयाचे, ही आपली रीत. त्यात वाईट काही नाही. आमच्याही फळीवर आमसुलांची बरणी आहे. पण स्वतःच्या हाताने एक वाफा केला, की ही पाठ फिरविता येत नाही. मातीला भाषा विचारून चालत नाही. तिच्यात येथल्या पावसात जे येईल तेच येते. मग ध्यानी येते, की नाव तेवढे निराळे आहे. ऋषिपंचमीच्या भाजीचे सारे साहित्य कोले मार्केटात मिळते. फक्त अळूला 'कोचू', दोडक्याला 'झिंगे', पडवळाला 'चिचिंगे' आणि सुरणाला 'ओल' म्हणावे लागते. नरक चतुर्दशीला आपण फराळाला बसतो, त्याच तिथीला बंगाली घरांतून चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र करून खातात आणि चौदा दिवे लावतात. पहिल्या वर्षी दादूंच्या घरून ती भाजी आली, आणि चकलीच्या शेजारी पानात बसली. भोगीला आम्ही बडाबाजारातून बाजरी आणली आणि वांगी, घेवडा, मटार, मुळा यांची मिसळीची भाजी केली. तिच्यातील वांगी घरची होती.

आता मूळ विचाराकडे वळू. ऋतूप्रमाणे खावे, याचा उपदेश पुष्कळ होतो आणि तो बहुधा प्रकृतीच्या अंगाने होतो. ते काम वैद्यांचे आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. आज शीतगृहे आणि जलद वाहतूक यांमुळे फुलकोबी ज्येष्ठातही मिळते आणि मटार बारमाही. मिळत असता न घेणे, हा केवळ हट्ट नव्हे काय? आपल्याकडे चातुर्मासात वांगे वर्ज्य करून चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडगा करून मग ते खावयाचे, ही चाल आहे. आमच्या पिढीने ती सोडली, आम्हीही सोडली होती. परंतु घरच्या वाफ्यातल्या वांग्याने ती आम्हांस पुन्हा शिकविली, कारण कार्तिक सरेपर्यंत झाडावर खाण्याजोगे वांगे नव्हतेच. वाट पाहणे आम्ही पत्करले नव्हते, ते आमच्यावर आले. आणि ज्या दिवशी पहिली चार वांगी भाजली, त्या दिवशी घरातील चारही माणसे चुलीभोवती उभी होती. बाजारातून आणलेल्या वांग्याभोवती कोणी उभे राहत नाही. तेव्हा असे म्हणता येईल, की वाट पाहणे हा उपभोगातील अडथळा नसून उपभोगाचाच पूर्वार्ध आहे; आणि सर्व काही सदासर्वदा मिळू लागले म्हणजे हा पूर्वार्ध आपण गमावतो.

पण वाट पाहण्यात याहून मोठीही एक गोष्ट आहे, ती मुलांनी दाखविली. दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास चिरंजीवांचे बोरन्हाण करावयाचे ठरले. परसातली बोर लगडलेली होती. आम्ही झाड हलविले, बोरांचा सडा पडला, आणि मुलीने कुंपणापलीकडच्या मैत्रिणींना हाक मारली. त्या आल्या, पण एकीनेही बोर उचलले नाही. बंगालमध्ये सरस्वतीपूजेपर्यंत, म्हणजे वसंतपंचमीपर्यंत, मुलांनी बोर खावयाचे नसते; खाल्ल्यास सरस्वती रागावते आणि परीक्षेत नापास व्हावे लागते. आमची मुलगी हात आखडून उभी राहिली. गृहिणीने तिला सांगितले, की आपला नियम निराळा आहे, आपल्याकडे संक्रांतीच्या वाणात बोर असतेच. मुलगी म्हणाली, "मग मी एकटीच खाऊ?" बोरन्हाण झाले, धाकट्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा सारे ओघळले, पण बोरे टोपलीत भरून ठेवली गेली. त्यांतली निम्मी सुकली, काही किडली. उरलेल्यांना मीठ लावून गृहिणीने ती उन्हात घातली. वसंतपंचमीच्या दुपारी पिवळी वस्त्रे नेसलेल्या पाच-सहा मुली परसात आल्या आणि झाडावर उरलेली बोरे त्यांनी एका बैठकीत संपविली.

दोन आचारांपैकी कोणता खरा, असा वाद आम्ही घरात केला नाही. कोवळी फळे झाडावरून ओरबाडली जाऊ नयेत, ती पिकावी आणि सर्वांना मिळावी, असा कोणताही उद्देश या नियमामागे असो वा नसो, त्याचा परिणाम तोच होतो. मुलीला जे कळले ते इतकेच, की ऋतू हा एकट्याचा नसतो. एकट्याने आधी खाल्ले तर पदार्थ तोच राहतो, पण त्यातला सण निघून जातो.

येथपर्यंत कोणाचा मतभेद होऊ नये. पण यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. पोट भरलेल्या माणसाची ही करमणूक आहे. ज्याला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळते, त्याने वांग्याची वाट पाहण्याचे तत्त्वज्ञान सांगावे, यात नीती कसली? सियालदहाच्या फाटकाबाहेर पहाटेच्या गाडीने येऊन शाकभाजीच्या चार जुड्या मांडून बसणाऱ्या बाईला ऋतूचा आनंद विचारावयास जावे काय? तिला पाऊस म्हणजे भिजलेला माल आणि ऊन म्हणजे सुकलेला माल.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो. सियालदहात राहून तो अमान्य करणे शक्यच नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून निघालेली माणसे अन्नासाठी याच शहराच्या रस्त्यांवर आली, आणि भात मागण्याचेही बळ न राहिल्याने दारोदार भाताची पेज मागत मेली. त्या दुष्काळात सुमारे वीस ते तीस लाख माणसे दगावली, असे मानले जाते. त्यांत मोठा भरणा शेतमजुरांचा आणि कोळ्यांचा होता. म्हणजे जे शहराला अन्न पुरवीत, त्यांचाच. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की धान्य नव्हते म्हणून ही माणसे मेली असे नव्हे. ते मिळविण्याचे साधन त्यांच्या हाती उरले नव्हते. पिकविणारा आणि खाणारा यांच्यामध्ये किंमत, मजुरी, साठेबाजी आणि सरकारी हुकूम यांची केवढी भिंत उभी राहू शकते, याचे याहून भयंकर उदाहरण आम्हांस माहीत नाही. त्या भिंतीत काही विटा आमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या मेजावरूनही जातात, हेही विसरून चालणार नाही.

मग दोन खोल्यांएवढ्या परसाने काय होते? पोट भरत नाही. चार महिने खटपट करून गेल्या वर्षी आम्हांस एकोणीस वांगी मिळाली. त्यांत खत आणि बियाणे यांचा खर्च धरला, तर कोले मार्केटातली वांगी कितीतरी स्वस्त पडली असती. पण त्या एकोणीस वांग्यांनी आमच्या घरात एक बदल केला. पालेभाजीची जुडी घेताना दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करण्याची आम्हां उभयतांची जुनी सवय होती. ती कोणी उपदेश न करता सुटली. ज्या मुलीने सहा आठवडे पाणी घालून मूठभर पालक काढला, तिच्यादेखत दुसऱ्याच्या पालकाची किंमत पाडणे आम्हांस जमेना. हाताने केलेल्या श्रमाचे हे शिक्षण आहे. आपल्या ऋषिपंचमीने तेच एका दिवसापुरते ठेविले आहे: बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खावयाचे नाही, माणसाच्या हाताने आलेले तेवढेच खावयाचे. विनोबांनी १९५० साली पवनारला बैलावाचून, केवळ हाताने जमीन कसण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हा त्याला 'ऋषिशेती' म्हटले. रवींद्रनाथांनी १९०६ साली आपल्या मुलाला, रथींद्रनाथांना, शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत इलिनॉयला पाठविले, आणि पुढे १९२८ साली श्रीनिकेतनात नांगर धरण्याचा उत्सव सुरू केला. या थोरांच्या पंक्तीला आमची एकोणीस वांगी बसविण्याचा हेतू नाही. हात मातीला लागल्यावाचून ताटाचा हिशेब कळत नाही, एवढेच त्यांच्यापासून घ्यावयाचे.

हा हिशेब कोठवर जातो, ते सियालदहाच्या पूर्वेस पाहावयास मिळते. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तिकडच्या उथळ तळ्यांत जाते; तेथे ऊन आणि शेवाळ यांच्या योगाने ते निवळते, त्यावर मासे पोसले जातात, आणि धापा भागात शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाज्या पिकतात. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा पाणथळ प्रदेश २००२ साली रामसर यादीत आला. त्याचे मोल जगाला समजावून सांगण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ध्रुवज्योती घोष यांना जाते. हे राज्य सरकारच्या नोकरीतले अभियंते. तेथले कोळी आणि शेतकरी जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते, ते त्यांनी त्यांच्याकडून शिकून घेतले. २०१८ साली ते निवर्तले. आपण जे टाकून देतो त्याची कोणी तरी भाजी करून आपल्यालाच परत देते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 'माझे मी विकत घेतले' असे ठामपणे म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मराठी माणसाने येथे राहून विसरू नये. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या भीतीने १७४२ साली कलकत्त्याभोवती एक खंदक खणावयास घेतला होता. तो पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. त्याच रस्त्याचा एक भाग आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड या नावाने सियालदह स्टेशनासमोरून जातो. आम्ही रोज भाजीची पिशवी घेऊन तो ओलांडतो. इतिहासात आपण त्या स्वाऱ्या पराक्रम म्हणून वाचल्या; बंगाली आई आजही आपल्या लेकराला निजविताना 'बर्गीं'चे नाव घेते, आणि त्या गीतातली चिंता पिकाची आणि साऱ्याची आहे. दुसऱ्याने पेरलेले कापून नेणारा, अशी आपली एक ओळख या मातीत आहे. तिच्याबद्दल आजच्या माणसाने छाती पिटावी असे नव्हे. पण परमुलखात अधिकारी म्हणून जाणाऱ्याने आपण येथे कापणारे की पेरणारे, हे स्वतःला विचारून पाहावे, इतका बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

आता तो प्रश्न. यंदा कार्तिकात, फुलकोबीची आणि वांग्यांची रोपे वाफ्यात लावून आठ दिवस झाले नाहीत, तोच बदलीचा हुकूम आला. मार्गशीर्ष संपण्यापूर्वी निघावयाचे. त्या संध्याकाळी मुलगी झारी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "बाबा, आता पाणी घालायचं का?" तिला तक्रार करावयाची नव्हती, नियम काय तो हवा होता. आम्हांस तो वाळलेला दुधी आठवला आणि लगेच उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते दादूंनी, आणि तेही आम्हांस उद्देशून नव्हे. कुंपणापाशी गोष्टी चालल्या असता ते आपल्या आईविषयी सांगू लागले. १९५० साली बारिसालहून ती सहा-सात वर्षांच्या या मुलाला घेऊन निघाली, आणि इतर हजारो निर्वासितांप्रमाणे काही आठवडे सियालदहाच्या फलाटावर राहिली. पुढे शहराच्या दक्षिणेस पडीक जागेवर लोकांनी झोपड्या घातल्या, तेथे तिलाही चार हात जागा मिळाली. जमीन दुसऱ्याची होती. मालकाची माणसे रात्री येऊन झोपड्या मोडीत. बैठकखाना बाजारात फेकलेल्या सडक्या भोपळ्यातले बी तिने वेचून आणले होते, ते झोपडीच्या कडेला टोचले. लोक म्हणाले, उद्या येथे राहू की नाही याचा भरवसा नाही आणि तू भोपळा कसला लावतेस? ती म्हणाली, "जागा कोणाची ते ठरेल तेव्हा ठरेल, भोपळ्याला तोवर थांबता येत नाही." त्या वेलाचे भोपळे अखेर तिने खाल्ले की दुसऱ्या कोणी, असे आम्ही विचारले. दादूंना ते आठवेना. फलाटावरची भूक त्यांना आठवते, आणि छपरावरचा वेल आठवतो.

आमच्या हाती सरकारी हुकूम होता, प्रवासभत्ता होता, पुढच्या गावी क्वार्टर तयार होते. त्या बाईजवळ यांतले काही नव्हते. तरी पाणी बंद केले होते ते आम्ही.

गीतेतील निष्काम कर्माचा दाखला येथे कोणासही सुचेल. पण तो जसाच्या तसा लावणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. फळाची आशा न ठेवता कोणी भोपळा लावीत नाही. फळ हवे म्हणूनच माणूस पहाटे उठून गोगलगायी वेचतो. ती आशा गेली तर वेचणेही जाईल. सोडावयाचे ते फळ नव्हे. ते माझ्याच पानात पडले पाहिजे, हा आग्रह सोडावयाचा. पाण्याचा प्रश्न रोपाशी आहे, आणि रोपाला तहान आहे. बदली आमची झाली आहे, त्याची नव्हे.

आणि यात त्यागाची ऐट मिरविण्याजोगेही काही नाही. ज्या बोरीची बोरे आम्ही चार हिवाळे खाल्ली, ती लावणाऱ्याने त्यांतले एक तरी चाखले होते की नाही, कोण सांगणार? ते ऋण त्याला फेडता येत नाही, कारण त्याचा पत्ता नाही. पुढे येणाऱ्याला फेडता येते. बदलीच्या लोकांमध्ये देण्याघेण्याचा हाच एक रस्ता मोकळा असतो: मागच्याचे घ्यावे, पुढच्याला द्यावे, आणि दोघांपैकी एकाचेही तोंड बहुधा पाहावयास मिळू नये. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की बदलीच्या माणसाने आपल्या मुलाबाळांसाठी ऋतूची भाजी लावावी, म्हणजे ज्या मातीत राहतो तिची ओळख होईल. एखादे झाड पुढच्यासाठी लावावे. आणि पाणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घालावे.

मुलीला इतके सारे सांगितले नाही. "घालायचं" एवढेच सांगितले, आणि दुसरी झारी आम्ही उचलली. कुंपणालगत शेवग्याचे एक खांड रोविले; दादू म्हणतात ते लागेल. आज हे लिहीत असता निम्मे सामान बांधून झाले आहे. चंपाषष्ठीला दोन वांगी निघाली, ती चौघांत पुरवून खाल्ली. फुलकोबीला अजून गड्डा धरलेला नाही. तो आमच्या मागून येणाऱ्या कुटुंबाचा. त्यांच्यासाठी मुलीने एक कागद लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटविला आहे. कोणत्या वाफ्यात काय आहे, गोगलगायी कोठे लपतात आणि झारी कोठे ठेवली आहे, हे त्यावर आहे. शेवटची ओळ तिने कोणास न विचारता घातली: परसातली बोरे सरस्वतीपूजेपर्यंत कृपया कोणी खाऊ नयेत, शेजारच्या मुली येतील.